मनगटावरचा खड्डा

मित्रांनो, मी मायाक्काचा डावा गुर्दा. शाळेच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. आकार मुठीएवढा, जागा पाठीकडे, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. माझा भाऊ उजवीकडे बसतो. तीस वर्षांत आमची गाठ पडलेली नाही, पण काम एकच.

ते ऐकाल तर चाट पडाल. मायाक्काचं सगळं रक्त दिवसभर आमच्यातून फिरत असतं. आम्ही दोघं मिळून रोज दहा-बारा घागरी पाणी गाळतो. कामाचं पाणी, साखर, लागेल तेवढं मीठ रक्ताला परत करतो आणि घाण तेवढी तांब्या-दीड तांब्या पाण्यातून बाहेर टाकतो. एवढं करून शाबासकी? काळीज धडधडलं की माणसं छातीवर हात ठेवतात. कंबरेवर हात ठेवतात ते फक्त भांडायला!

मायाक्का सोलापुरातल्या एका गिरणीत सूत गुंडाळायला जायची. एकोणीसशे बत्तीसच्या मार्गशीर्षात तिचा घसा धरला, ताप आला, चार दिवसांत उतरला. घर विसरलं. पण त्या दुखण्यानं दोन आठवड्यांनी माझ्या चाळण्या सुजल्या. ठेवायचं ते गळू लागलं, टाकायचं ते आत राहू लागलं. मीठ साचलं, मिठापाठोपाठ पाणी. तिच्या पापण्या फुगल्या, गाल वर आले.

आणि काय सांगू, माझ्या या नालायकीचं गल्लीनं कौतुक केलं!

"सुनेला बाळसं आलंय की गं बसम्मा! काय खायला घालतीस?" शेजारची सोजरबाई म्हणाली.

सासू फुलून गेली. "शेंगाची चटणी अन् भाकरी. वर लोणच्याची फोड. हात आखडत न्हाय मी."

त्या दिवसापासून एका फोडीच्या दोन झाल्या. मी हबकलोच. आधीचं मीठ बाहेर निघेना आणि वरून आणखी मीठ!

"आत्याबाई, धाप लागतीया," मायाक्का म्हणे.

"अंगानं भरलीस, लागणारच की!"

लघवी थोडी व्हायची, तीही काळ्या चहासारखी. मायाक्कानं ते पाहिलं, घाबरली, पण लाजेनं गप्प बसली. पाणी असंच चढत राहिलं तर ती वाचणार नाही, हे मला कळत होतं. मला तोंड नव्हतं. तिला होतं.

संक्रांतीच्या आधी कासीम मनियार बांगड्या भरायला आला. गल्लीतल्या बायकांची मापं त्याला तोंडपाठ. मायाक्काचं नेहमीचं माप हाताच्या सांध्यावरच अडलं.

"मोठं काढ," बसम्मा ऐटीत म्हणाली. "सून सुधारलीय माझी."

कासीम हसला नाही. त्यानं मायाक्काच्या मनगटावर अंगठा दाबून उचलला. कणकेच्या गोळ्यावर पडावा तसा खड्डा पडला, आणि भरेचना.

"ये मोटापा नै अम्मा, पानी भर्‍या है. बांगड्या नक्को. दवाखाना देखो."

बसम्मानं स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. "म्हंजे मी सूज पोसली व्हय?"

डॉक्टरांनी मायाक्काची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. ही कसली रीत, म्हणून बसम्मानं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात नळीत फाटलेल्या दुधासारखं पांढरं साकळलं.

"हे रक्तातलं सत्त्व," डॉक्टर म्हणाले. "गुर्द्यातून गळतंय. अंथरूण सोडायचं नाही, पाणी मोजकं, मीठ बंद."

"मीठ बंद? मग ताटात राहिलं काय?"

"ताटापुढं सून राहील."

बसम्मानं लोणच्याची बरणी फळीवर चढवली. तीही अळणी जेवू लागली. आठवड्यानं माझी सूज ओसरली, अडलेलं पाणी सुटलं, धाप गेली. मायाक्का उठून दारात बसली.

आता रोज सकाळी बसम्मा भर गल्लीत विचारी, "सूनबाई, लघवी किती झाली? रंग कसा हाय?"

सोजरबाई कानांवर हात ठेवी. "शिव शिव! हळू बोल की!"

"हळू बोलत हुतो म्हणूनच सून हातची चालली हुती!"

मित्रांनो, आम्ही बिघडलो तरी पुष्कळदा दुखत नाही, ओरडत तर कधीच नाही. आमची बातमी रोज सकाळी आपल्या पायांनी बाहेर येते. तिच्याकडे एकदा बघा, आणि वेगळं काही दिसलं तर मोठ्यांदा सांगा.