अण्णांनी कापलेली रिंग

मित्रांनो, बटणांचा जुना फोन झोपतो का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. मी झोपतो. आता तर बहुतेक वेळ झोपेतच असतो, कारण माझी बॅटरी फुगली आहे आणि मला चार्जिंगला लावायचं आता कुणाच्या मनात येत नाही. भोकरजवळच्या एका गावात, शेषेरावांच्या घरात, भिंतीतल्या देवळीत मी पडून असतो. झोपेत मला जुन्या रिंगा ऐकू येतात. आज सांगतो आहे तेही असंच अर्धवट झोपेतलं समजा, पण त्यात खोटं एक अक्षर नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. खूप पांढरा उजेड होता आणि हातमोजे घातलेले पुष्कळ हात होते. नीट आठवतं ते नांदेडचं दुकान. तिथून शेषेरावांनी मला विकत घेतलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि भोकर येईपर्यंत एसटीत खिशावरचा हात काढला नाही. गावात पहिले काही दिवस माझं फार कौतुक झालं. माझ्या बटणांवर इंग्रजीच्या शेजारी अ, आ, इ छापलेलं होतं, ते बघायला शेजारीपाजारी यायचे. त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, उरलेल्या खणाची एक पिशवी शिवली. घरात मला नेटवर्क मिळत नसे. मिळे ते फक्त गोठ्याच्या खांबापाशी. म्हणून ती पिशवी खांबाच्या खिळ्याला टांगली गेली. मी त्यात वाऱ्यानं हळूहळू हलत असायचो. खाली म्हैस रवंथ करायची आणि मला गुंगी यायची. ते माझे सुखाचे दिवस.

मला आणलं ते शिल्पासाठी. त्यांची ही एकुलती एक मुलगी दहावीला तालुक्यात चमकली आणि डॉक्टर व्हावी म्हणून तिला लातूरला क्लासेसना घातलं. त्या काळी लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या होत्या, पाट्यांवर हसऱ्या मुलांचे फोटो होते, आणि ज्या घराला माडी होती त्या माडीवर मुलींचं हॉस्टेल होतं. शिल्पा उमाबाई नावाच्या बाईंच्या माडीवर राहायची. तिच्याकडेही माझ्यासारखाच एक साधा फोन होता.

बापलेकीनं एक रीत ठरवली होती. संध्याकाळी जेवण झालं की शिल्पा एक रिंग द्यायची. शेषेराव ती लगेच कापायचे आणि उलट एक रिंग द्यायचे. तिची रिंग म्हणजे 'जेवले, बरी आहे'. यांची रिंग म्हणजे 'आम्हीपण'. पैसा लागत नव्हता, शब्द लागत नव्हते. तेवढ्यावर कस्तुराबाईंना घास गोड लागायचा.

मग कुठल्याशा पॅकात शिल्पाला फुकट मेसेज मिळाले आणि घरात शब्द यायला लागले. 'पोचले.' 'आज वांगं होतं, आईसारखं नाही.' 'म्हैस व्याली का?' शेषेराव खांबाला टेकून प्रत्येक मेसेज बोट लावून वाचायचे, मग कस्तुराबाईंना वाचून दाखवायचे, आणि मग उत्तराला बसायचे. ते बघण्यासारखं असे. त्यांच्या जाड बोटाखाली माझी दोन बटणं एकदम दाबली जायची. एकदा त्यांनी मोठ्या मेहनतीनं लिहिलं, 'तू नाही तर घरात बोलायला कुणी नाही.' लिहून झाल्यावर इकडंतिकडं बघितलं, लाजले, सगळं खोडलं आणि पाठवलं, 'बरं.'

खोडलेलं फक्त मला माहीत असायचं. लातूरला पोचायचं ते 'बरं'. तिकडं शिल्पाला वाटायला लागलं, अण्णा आजकाल तुटक बोलतात. अभ्यासात कमी पडते आहे म्हणून नाराज असतील. वडिलांना ती अण्णा म्हणायची.

दुसरी एक गोष्ट अशी, की शेषेराव लेकीचा एकही मेसेज पुसत नसत. त्यामुळं माझी जागा भरली आणि पडद्यावर एक बारीक पाकीट उघडझाप करू लागलं. त्याचा अर्थ, आता नव्या मेसेजला आत यायला जागा नाही. शेषेरावांना वाटलं, फोनला नवीन दिवा आला. त्यांनी तो कौतुकानं दोघाचौघांना दाखवलासुद्धा.

एका दुपारी शिल्पाचा मेसेज निघाला आणि माझ्या दारापर्यंत आला. तो आत येऊ शकला नाही. मी पिशवीत डुलत होतो आणि तो आमच्या गावावरच्या आभाळात घिरट्या घालत होता, असं मला जाणवत राहिलं. त्यात काय आहे ते मलाही कळत नव्हतं. संध्याकाळी रिंग आली. शेषेरावांनी नेहमीसारखी कापली आणि उलट रिंग दिली. लगेच पुन्हा रिंग आली. त्यांनी ती पण कापली.

"दोन खेपा जेवली का काय पोरगी," ते हसून म्हणाले. "आज लई खुशीत दिसती."

मी जितक्या मोठ्यानं वाजता येईल तितकं वाजलो होतो, मित्रांनो. पण रडवेल्या माणसाची रिंग आणि जेवून तृप्त झालेल्याची रिंग माझ्या तोंडून सारखीच निघते.

दुसऱ्या संध्याकाळी रिंग आली नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही नाही. शेषेराव म्हणाले, "अभ्यास करून राहिली असल. परीक्षा आली जवळ."

कस्तुराबाईंनी पुढचं ताट बाजूला सारलं. त्यांची थोरली बहीण औशाकडच्या गावात दिलेली होती.

"भूकंपाच्या साली असंच म्हनले समदे," त्या म्हणाल्या. "निरोप न्हाई म्हंजी बरंच असल, म्हनले. माझी अक्का मातीखाली होती आन् आमी घरी बसून बरंच असल म्हनत होतो. तुमी खरा फोन लावा."

शेषेरावांनी लावला. शिल्पाचा फोन बंद होता. त्यांनी आणखी एकदा लावला, तरी बंदच. मग त्यांनी उमाबाईंना लावला.

"बरं झालं तुमी फोन केलाव," उमाबाई म्हणाल्या. "पोरगी दोन दिस झाले धड जेवून न्हाई राहिली. क्लासला जाईना. इचारलं तर म्हनती, अण्णा माझा फोन कापतेत. त्यायला मी नको झाले."

त्या रात्री शेषेरावांनी मला पिशवीत ठेवलंच नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही लातूरला निघालो. त्यांनी मला हातातच धरलं होतं. माडीवर शिल्पा भिंतीकडं तोंड करून पडली होती. वडिलांना बघून ती उठून बसली, पण जवळ आली नाही.

"तुमी माझा फोन कापलाव," ती म्हणाली. "दोनदा."

"मला वाटलं तू जेवलीस."

"मेसेज वाचूनबी असं वाटलं?"

"कोनता मेसेज?"

शिल्पानं मला त्यांच्या हातातून घेतलं. तिनं ते लुकलुकणारं पाकीट बघितलं आणि मग माझं पोट उघडून आत बघितलं. आत सगळे तिचेच मेसेज होते. पोचले, जेवले, वांगं, म्हैस, पुन्हा पोचले. ती बराच वेळ ते वर-खाली करत राहिली. मग पुसायला गेली, तर शेषेरावांनी माझ्यावर पंजा ठेवला.

"त्यातलं एकबी काढू नको."

"अण्णा, एक काढल्याशिवाय नवा आत येत न्हाई."

त्यांनी खूप विचार केला. "पोचले लई हायत," ते शेवटी म्हणाले. "त्यातलं एक काढ."

जागा झाली आणि इतके दिवस आभाळात फिरणारा तो मेसेज माझ्यात उतरला. मी टुंग वाजलो. लेक समोर बसलेली असताना शेषेरावांनी तो बोट लावून, एकेक अक्षर करत वाचला.

'अण्णा मला इथं जमत नाही. पेपरात सगळ्यात मागं आहे. घरी येऊ का? रागावू नका. संध्याकाळी फोन करते, उचला.'

शेवटच्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"घरी यायला कुनी इचारतं का गं, बाई," ते म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं आणि शिल्पा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली.

ती आमच्याबरोबर घरी आली. पोटभर झोपली, म्हशीपाशी बसली, आईच्या हातचं वांगं खाल्लं, आणि एक दिवस आपण होऊन लातूरला परत गेली. डॉक्टर काही झाली नाही. देगलूरला शाळेत शिकवते, आणि चांगलं शिकवते असं येणारेजाणारे सांगतात. शेषेरावांकडं आता मोठ्या काचेचा फोन आहे. त्यात हसरे, रडके सगळे चेहरे आयते मिळतात, तरी शिल्पाची रिंग आली की ते ती कापत नाहीत. हातातला घास ताटात ठेवून उचलतात.

मित्रांनो, मला डोळे मिटायचे आहेत, त्याआधी एक ऐका. आम्ही फोन अक्षरं पोचवतो. लिहून खोडलेलं आम्हाला पोचवता येत नाही, लाजही नाही आणि रडूही नाही. म्हणून कुणाचं नुसतं 'बरं' वाचून रुसून बसू नका, आणि रोजचीच रिंग आहे म्हणून ती कापू नका. उचला. पलीकडून कुणी बोललं नाही तरी जरा वेळ कानाशी धरून थांबा, कारण त्या माणसाला बहुतेक घरी यायचं असतं आणि येऊ का म्हणून विचारायला जीभ रेटत नसते.