चव्वेचाळीस पिना

लॅपटॉप कायमचा बंद पडला होता, पण वादळाआधीच्या वाडीचे सगळे फोटो त्याच्या हार्ड डिस्कवर होते. ती डिस्क घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडणारा अडॅप्टर अख्ख्या श्रीवर्धनात मिळेना. मग दिवेआगरच्या मार्तंडमास्तरांनी तो स्वतःच बनवायला घेतला. पिना चव्वेचाळीस, तारा केसाएवढ्या. "हात लावू नकोस!" असं ते तीन दिवस बायकोवर खेकसत होते.

शेवटची तार सोल्डर करून ते बटण दाबणार, तोच चहा घेऊन आलेल्या अनुसूयाबाई म्हणाल्या, "अहो, थांबा! पिनांचं चित्र समोरून काढलंयत आणि तारा मागून जोडल्यात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ब्लाउज शिवते मी. कापड न पलटता कापलं, की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात."

मास्तरांनी चित्राचा कागद उलटा करून उजेडावर धरला आणि तारांशी ताडून पाहिला. विजेची तार भलत्याच पिनेवर होती. बटण दाबलं असतं तर डिस्क जळालीच असती.

दुपारभर खपून त्यांनी तारा पुन्हा जोडल्या. डिस्क घुरघुरली, पडद्यावर फोटोंची यादी आली. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि आपली खुर्ची बायकोपुढे सरकवली.

"पहिला तू उघड."

"हात लावू?" अनुसूयाबाईंनी विचारलं.