रांगेत अडकलेली हाक

मित्रांनो, भिंतीवर टांगलेला, दिवे मिचकावत बसणारा एक जुना राउटर मी आहे. ज्या डब्यातून इंटरनेट घरभर पोचतं, तो डबा. नेट नीट चाललं तर माझं नाव कुणी काढत नाही, आणि अडलं की पहिली थप्पड मलाच बसते. त्याचं मला काही नाही. माझं दुःख वेगळंच आहे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा एकच शिकवण मिळाली: आलेलं काही टाकायचं नाही. जास्त आलं तर रांगेत उभं करायचं आणि एकेक करून पुढे सोडायचं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण पुढे अवजड सामान उभं राहिलं की मागच्या इवल्याशा शब्दालाही ताटकळावं लागतं.

मला घरी आणलं एका फोटोग्राफरने. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. गिऱ्हाइकांचे फोटो तो संध्याकाळी पाठवायचा, ढीगच्या ढीग. आई त्याच सुमाराला खुर्ची ओढून फोनसमोर बसायची, कारण दुसऱ्या देशात राहणाऱ्या थोरल्या लेकीला, म्हणजे ताईला, तेव्हाच कामातून सवड मिळायची. पहिल्यांदा पडद्यावर ताईचा चेहरा दिसला तेव्हा आईने माझ्यावरून हात फिरवला. "गुणी आहे हो हा डबा," म्हणाली. असं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

हळूहळू आई थकली. मुलगा दिवसभर कामावर, घर खायला उठायचं. बरेच दिवस मनाशी जुळवाजुळव करून एका संध्याकाळी तिने हसत हसत विचारलं, "मी येऊन राहू का गं तुझ्याकडे? कायमचीच?"

प्रश्न माझ्यापाशी आला. पुढे एका अख्ख्या लग्नाचे फोटो उभे होते. तो मागे थांबला. पडद्यावर ताई नुसती बघत राहिली. आईचं हसू मावळलं. "राहू दे गं. आपलं सहज विचारलं," ती म्हणाली, आणि ते शब्दही रांगेत जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात पहिला प्रश्न ताईपर्यंत पोचला. क्षणही न घालवता ती म्हणाली, "ये ना आई. कायमचीच ये." फोटो फक्त बाहेर जात होते, आत येणारी वाट मोकळी होती, म्हणून तिचं उत्तर मी झटकन आईला दिलं. पण आईने ते ऐकलं "राहू दे" म्हटल्यानंतर. तिला ते तोंडदेखलं वाटलं. आणि तिकडे ताईने "ये" म्हटल्यावर मागाहून पोचलं आईचं "राहू दे". ताईला वाटलं, आईचा पाय धाकट्याच्या घरातून निघत नाही. दोघींनी विषय बदलला. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

आईने मुलाला एवढंच विचारलं, "ताई बोलायला फार वेळ घेते. नेटमध्ये काही बिघाड आहे का रे?" तो नेटचा वेग मोजायला बसला. मोजणीत खोट नको म्हणून त्याने आधी फोटो थांबवले, आईचा फोन बंद केला, सगळं शांत केलं. आकडा झकास आला. "लाईन एकदम उत्तम आहे, आई. ताईला पहिल्यापासून विचार करून बोलायची सवय." पुढेही शंका आली की तो असाच घर शांत करून मोजायचा आणि आकडा झकासच यायचा. आई दोनदा विचारणाऱ्यातली नव्हती. तिचे फोन आखडत गेले. एका हिवाळ्यात ती गेली.

ताई आली ती सगळं आटोपल्यावर. आईच्या खुर्चीत बसून ती फोनवर परदेशातल्या आपल्या मुलीशी बोलत होती. भाऊ नातेवाइकांना आईचे फोटो पाठवत होता. ताईने काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिली.

"ऐकू येत नाहीये का गं?"

"अगं आई, मी लगेच बोलले की."

ताई खुर्चीत सरसावून बसली. मग मुलीला म्हणाली, "मी टाळी वाजवली की तूही वाजव." भावाने सवयीने फोटो थांबवले. टाळीला टाळी लगेच आली. "बघ, लाईन चांगलीच आहे," तो म्हणाला.

"फोटो सुरू कर."

तिने टाळी वाजवली. खोलीत काही नाही. भाऊ फोनकडे बघत होता. काही नाही. मग टाळी आली.

"आईने विचारलं तेव्हा मी लगेच ये म्हणाले होते रे," ताई म्हणाली.

भाऊ खाली मान घालून बोलला, "ती म्हणायची, तू बोलायला फार वेळ घेतेस."

त्या खोलीत दोघं किती रडली ते मी पाहिलं आहे. लहानसहान शब्दांना रांगेत पुढे सोडायची सोय माझ्यात होती. फक्त कुणी ती चालू केली नव्हती. भावाने ती त्याच दिवशी चालू केली. आता कितीही फोटो जाऊ देत, हाकेला ओ लगेच येते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला जोखायचं असेल तर घर शांत करून जोखू नका. सगळी कामं जोरात चालू असताना जोखा. आणि आपल्या माणसाचं उत्तर यायला वेळ लागला, तर एवढ्यात "राहू दे" म्हणू नका. पुन्हा एकदा विचारा. आमच्या घरात विचारणारी आता राहिली नाही.