बेंबी बसवणारे आप्पासाहेब

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडे आप्पासाहेबांना उसंत नव्हती. दुष्काळी कामावर दगड उचलून माणसांच्या बेंब्या सरकायच्या, आणि सरकलेली बेंबी जागेवर बसवावी ती आप्पासाहेबांनीच. पोटावर पेटता दिवा, त्यावर तांब्या पालथा, मग तेलाचा हात. बहुतेकजण आपोआपच बरे झाले असते, पण मान आप्पासाहेबांचा.

मग त्यांच्याच पोटात कळा यायला लागल्या. आधी त्यांनी रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे तांबड्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीला शिव्या घातल्या. वजन उतरलं, तर म्हणाले, दुष्काळात कोण बाळसं धरतंय? बेंबीच्या उजवीकडे गोळा हाताला लागला तेव्हा मात्र ते खूश झाले. एवढी ठळक सरकलेली बेंबी त्यांना कुणा गिऱ्हाइकाकडे मिळाली नव्हती. बायको मालनबाई दवाखान्याचं नाव काढायची, की ते रुसायचे आणि तिच्याकडूनच तांब्या लावून घ्यायचे.

हिरव्या उलट्या सुरू होऊन पोट टम्म फुगलं, तेव्हा मालनबाईने त्यांना विचारलंच नाही. एसटीत घालून थेट नगरला आणलं.

सर्जनने पोट तपासलं. "आतडं आतड्यात शिरलंय. पोट कुणी चोळलं? खरं सांगा, आतडं फाटलं असेल तर मला आधी कळायला हवं."

गावातला मान राखावा की जीव, हे ठरवायला आप्पासाहेबांना तेवढ्या कळांतही वेळ लागला. यावरून माणूस ओळखावा.

"हाय एकजन आमच्याकडं. बेंब्या बसवतो."

"गाढव आहे तो."

"व्हय."

"माणसं मारील एखाद्या दिवशी. माझ्यापुढं उभा करा त्याला."

"उभं ऱ्हाता येईना त्याला, सायेब. ह्यो काय, आडवा पडलाय."

ऑपरेशन झालं. आतडं फाटलं नव्हतं. पण आत गाठ निघाली. तिची तपासणी होऊन आल्यावर सर्जन खाटेशी बसले. "याला लिम्फोमा म्हणतात. कॅन्सरचाच प्रकार. अशी गाठ आतडं आत ओढून नेते, हे क्वचितच दिसतं. गाठ काढलीय. पुढचे उपचार मुंबईला."

"बरा व्हईन ना मी?"

"सांगता येत नाही."

आप्पासाहेबांनी आजवर कुणाच्याही पोटाबद्दल असं म्हटलं नव्हतं. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं त्यांना कळलं आणि ते घाबरले. फार घाबरले. मालनबाईचा हात धरून म्हणाले, "तू सांग, काय करायचं?"

"मुंबईची गाडी कवा हाय, इचारून येते," मालनबाई म्हणाली.