डाव्या सीटवरचं वजन

शनिवारी सकाळी त्यानं गॅरेजचं शटर वर केलं आणि भंगारातून आणून दुरुस्त केलेले चार वजनकाटे गाडीच्या चारही चाकांखाली सरकवले. गाडी तीस वर्षांची, दोन दारांची, दिसायला ऐटबाज आणि स्वभावानं महानखरेल. चारही चाकांवर वजन नीट वाटलं गेलं नाही, तर ऐन वळणावर रुसायची. म्हणून बसणाऱ्यांच्या ऐवजी उजव्या सीटवर एकाहत्तर किलो वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, डाव्या सीटवर चोपन्न, आणि मग स्प्रिंगखालच्या चकत्या पान्यानं फिरवत काटे जुळवायचे, की वाळू उतरवायची. बारा वर्षं तो हेच करत आला होता. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेला माणूस तो, अर्ध्या नंबरचीही चूक त्याला खपत नसे. क्लबात सगळे त्याला 'पॉइंट पाच' म्हणत.

बायको गाडीला सवत म्हणायची. "हिला मी नजरेआड होऊ द्यायची नाही," म्हणत प्रत्येक शर्यतीला शेजारी बसायची आणि वळणं ओरडून सांगायची. शर्यत तशी साधी. मोकळ्या मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी सुटते, वेळ मोजतात, शंकू पडला की दंड. दोघं कधी जिंकले नाहीत. पण कुठल्या वळणावर कुणाचं चुकलं, यावरचं भांडण आठवडाभर पुरायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता घरात आठवडाभर पुरेल असं काहीच नव्हतं.

क्लबनं यंदापासून नियम कडक केला होता. अख्ख्या हंगामात एक तरी फेरी शंकूला न लागता पुरी करायची, नाहीतर चालकांच्या यादीतून नाव कट. मग हवं तर मैदानात उभं राहून इतरांनी पाडलेले शंकू उचला. त्याची अजून एकही फेरी स्वच्छ झाली नव्हती आणि उद्या शेवटची शर्यत होती. हे रविवार गेले, तर त्याला हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. थट्टेची का होईना, ती हाक त्याला हवी होती.

रविवारी पहिल्याच फेरीत गाडीनं उजव्या वळणावर मान टाकली आणि तीन शंकू आडवे झाले. दुसऱ्या फेरीत डाव्या वळणाला शेपूट फिरलं, आणखी दोन गेले. हातात उरली एक फेरी. तो बॉनेटला टेकून उभा राहिला.

गाड्यांची तपासणी करणारी बाई टायरचं दुकान चालवायची. सगळे तिला टायरवालीच म्हणत. तिनं येऊन गाडीचा एकेक कोपरा दाबून पाहिला, वाकून चाकांच्या आत डोकावली.

"काका, डावी बाजू एवढी का चढवलीय? वजन काय धरलंत?"

"नेहमीचंच. उजवीकडे एकाहत्तर, डावीकडे चोपन्न."

बायकोच्या अंत्यविधीला ती आली होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "डावीकडे आता कोण बसतं?"

त्यानं वळून रिकाम्या डाव्या सीटकडे पाहिलं. दोन वर्षं, प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी, त्यानं चोपन्न किलो वाळू उचलून त्या सीटवर ठेवली होती, आणि एकदाही हात अडखळला नव्हता. अर्ध्या नंबरसाठी गिऱ्हाइकाला चार चकरा मारायला लावणारा माणूस, आणि अख्खी बायको चुकला! त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून काहीतरी वर आलं, ते लाजेपेक्षा फार मोठं होतं.

"पाना द्या, मी उतरवते," टायरवाली म्हणाली.

"नको. माझं मी करतो."

तो जमिनीवर आडवा झाला. काटे घरी होते, हिशोब डोक्यात करावा लागला. पुढची डावी चकती चार फेरे खाली, मागची साडेतीन. प्रत्येक फेऱ्याला वाटत होतं, आपण तिला हाताला धरून गाडीतून उतरवतोय, आणि ती "अहो, का?" म्हणून विचारतेय.

तिसऱ्या फेरीत गाडी शहाण्या लेकरासारखी वागली. म्हणेल तिथे वळली, म्हणेल तिथे थांबली. शेजारून कुणी ओरडलं नाही आणि ओरडायची गरजही पडली नाही. शंकू जागचा हलला नाही. फलकावर वेळ लागली, तेव्हा त्याला वाटलं आकडे चुकले. बारा वर्षांतली त्याची सगळ्यात चांगली वेळ होती ती, दीड सेकंदानं. यादीतलं नाव टिकलं होतं. तिच्याशिवाय आपण जास्त वेगानं जातो, हे मात्र त्याला कुणी सांगायला नको होतं. ते काळजाला झोंबलं.

टाळ्या पडत होत्या. वेळा जाहीर करणारा गृहस्थ माईक घेऊन धावतच आला.

"पॉइंट पाच, कमाल केलीत! एका फेरीत असं बदललंत तरी काय?"

त्यानं पट्टा सोडला, पण उतरला नाही.

"विशेष काही नाही," तो म्हणाला. "आता गाडीत मी एकटाच असतो."

दोन वर्षांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. माईक चालू होता. मैदानभर ते ऐकू गेलं आणि टाळ्या थांबल्या.