कोर्टात उभा राहिलेला पडदा

मी एक पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, दवाखान्यात पेशंटच्या खाटेभोवती लावतात तो, तीन चौकटींचा, घडी होणारा. एक चाक मोडलं तशी माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून ताईंनी मला मागून आणलं.

ताई विकल्या गेलेल्या मुलींना सोडवणाऱ्या संस्थेत काम करतात. संस्था कसली, दोन खोल्या आणि चार बायका. तीही तिसरी जागा. "कसल्या मुली आणता हो तुम्ही?" असं म्हणत आधीच्या दोन्ही घरमालकांनी हात जोडले. पण खरा दम निघतो तो कोर्टात.

तिथे मी गेलो धाकटीसाठी. खोल्यांतली सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. कामाला लावतो सांगून सख्ख्या मामानंच तिला विकलं होतं. तारखा पडत पडत दोन वर्षं गेली. आई फोनवर रडायची, "झालं गेलं विसर गं. माझा भाऊ आहे तो." धाकटी पहिल्यांदा साक्षीला उभी राहिली, समोर मामा दिसला आणि तिची दातखीळच बसली.

तिला मामा दिसू नये म्हणून ताईंनी मध्ये पडदा लावायची परवानगी मागितली. न्यायाधीशबाईंनी दिलीही; पण कारकून म्हणाला, "पडदा आहे कुठे आमच्याकडे?" पुढच्या तारखेला ताई मला घेऊन हजर! मोडक्या चाकाखाली पुठ्ठ्याची घडी.

मामाचा वकील उखडला. "हा काय तमाशा?"

"तुमच्या अशिलाला ऐकू येतंय ना? मग बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

धाकटी बोलू लागली. दिवस, गाडी, कुलूपबंद खोली. मध्येच पलीकडून मामा खाकरला, घरी दरडावण्याआधी खाकरायचा तसा. ती थांबली. ताईंना बोलायची मुभा नव्हती. धाकटीनं माझा दांडा घट्ट धरला.

"खाकरू दे त्याला," ती म्हणाली. "मी सांगते पुढचं."

शेवटी आरोपीला ओळखायची वेळ आली. कारकून मला सरकवायला उठला.

"राहू द्या काका, मी करते." तिनं स्वतःच माझी एक चौकट मिटली आणि बोट रोखलं. "हाच. माझ्या आईचा भाऊ."

मामा तुरुंगात गेला. आई अजून अबोला धरून आहे. धाकटी मात्र नर्सिंग शिकतेय.

मला आता उसंत नाही. या आठवड्यात तीन कोर्टं आहेत. मी एकटा कुठे कुठे पुरणार? तुमच्या गावच्या कोर्टात माझा एखादा भाऊबंद असू द्या, एवढंच मागणं.

निघतो. आज ताईंनी सोबत स्टूलही घेतलंय. आजची साक्षीदार माझ्या मधल्या पट्टीपर्यंतही पोचत नाही. पण काल खोलीत बोलताना ऐकलंय मी तिला. आवाज खणखणीत आहे.