नाव घातलेलं पातेलं

आमचं ग्रीन कार्ड आलं त्या दिवशी माझी मैत्रीण मालिनी केक घेऊन दारात हजर झाली. केकवर अमेरिकेचा झेंडा काढलेला होता आणि गाडीच्या हीटरमुळे त्यातलं निळं क्रीम ओघळलं होतं.

"अगं सुलेखा, हसायला काय पैसे पडतात का?" ती म्हणाली.

मी हसले. वीसेक वर्षं रांगेत काढल्यावर माणसाने हसायला हवं, हे मलाही कळत होतं. पण दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. मालिनीला सगळं ठाऊक असूनही तिने केक आणला, याचा राग तेवढा आला होता. त्याच आठवड्यात आमच्या स्वानंदीला कॅनडाचं पीआर मिळालं होतं. आईबाप अमेरिकेचे कायमचे रहिवासी आणि मुलगी कॅनडाची. आणायचेच तर दोन केक आणायचे होते.

स्वानंदी चार वर्षांची असताना आम्ही पुण्याहून रेडमंडला आलो. श्रीरामच्या कंपनीने आमचा ग्रीन कार्डचा अर्ज केला, आणि मग आम्ही वाट बघत बसलो. मुलीचे दात पडले, नवे आले, त्यांना तारा लागल्या, तारा निघाल्या. एकवीस पूर्ण झाली की मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं, असा इथला नियम आहे. स्वानंदी बाहेर पडली. मग स्टुडंट व्हिसा, मग नोकरी, मग नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. तीन वर्षं ती लागली नाही. शेवटी तिने आम्हाला न विचारता कॅनडाला अर्ज केला आणि तो मंजूर झाला. आमची रांग संपली ती त्यानंतर.

आमची कार्डं आल्याचं श्रीरामने तिला सांगितलं तेव्हा ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, बाबा." त्या दिवसापासून ती आमच्याशी कामापुरतं बोलत होती. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

स्वानंदी कॅनडाला निघायच्या दिवशी सकाळी श्रीरामने भाड्याची मोठी व्हॅन आणून दाराशी उलटी लावली. बाहेर नेहमीची भुरभुर चालू होती. गादी, टेबल, दोन मॉनिटर, पुस्तकांचे खोके असं सगळं त्याने मापात बसवलं. कागदांची फाइल त्याने प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत आणि ती आपल्या जॅकेटच्या आत ठेवली. इतकी वर्षं त्याने हेच केलं. कोणी झोपेतून उठवून कागद मागितला तरी तो काढून देईल.

मी स्वयंपाकघराचा खोका भरत होते. त्यात मी ते स्टीलचं पातेलं जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलं. स्वानंदीच्या बारशाला माझ्या मोठ्या बहिणीने दिलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात, तसं तिने दुकानात मशीनवर नाव घालून आणलं होतं: 'चि. स्वानंदी हिस बारशानिमित्त, मावशी व काका.' टिंबाटिंबांची अक्षरं. अजून बोट फिरवलं तर लागतात. इथे आलो तेव्हा बॅगेत दुसऱ्या कशाला जागा नव्हती, पण हे पातेलं आणलं होतं, कारण नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवून उतू जाऊ द्यायचं असतं आणि कोरं भांडं मिळेल न मिळेल याची मला धास्ती होती. पहिल्या भाड्याच्या खोलीत त्यातच दूध उतू गेलं तेव्हा स्वानंदीने टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या अपार्टमेंटमध्ये तेच, आणि हे घर घेतलं तेव्हाही तेच. एरवी रोजचा चहाही त्यातच.

स्वानंदी आली, तिने खोका उघडून बघितला आणि पातेलं बाहेर काढून ओट्यावर ठेवलं.

"हे नको, आई."

"अगं, नव्या घरात दूध नको का उतू जायला? मी करते ना, तुला काही करायला नको."

"ते घर नाहीये. अॅड्रेस आहे. मला घर होतं, आई. आय हॅड वन."

हे ती ओरडून म्हणाली नाही. ओरडली असती तर मीही काहीतरी बोलले असते. मी टॉवेलाची घडी घातली. पातेलं ओट्यावर राहिलं. बाहेरून श्रीराम "चला, चला, ट्रॅफिक लागेल," म्हणत होता.

व्हॅनला पुढे तिघांची एकच सीट होती. श्रीराम गाडी चालवत होता, स्वानंदी खिडकीत, मी मधे. लहानपणी ती मधे बसायची. एव्हरेट गाव गेलं, मग ट्यूलिपची शेतं गेली, जिथे आम्ही दरवर्षी तिचे फोटो काढायचो. शेतात नुसता चिखल होता. कोणी काही बोलेना, म्हणून श्रीरामने कॅनडात गाडीचा विमा कसा काढतात याची माहिती सांगायला सुरुवात केली. आम्ही ऐकत नव्हतो हे त्यालाही माहीत होतं.

बेलिंगहॅमला पेट्रोल भरायला थांबलो. श्रीराम उतरला आणि स्वानंदी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आई, लगेच येऊ नका हं भेटायला."

"म्हणजे?"

"थोडे महिने. प्लीज. तुम्ही येणार, डबे आणणार, मग संध्याकाळी तुम्ही परत घरी जाणार. आणि मी नाही जाऊ शकणार. मला आता माझ्या रूममध्ये यायला पण व्हिसा लागेल, यू नो दॅट? आय कान्ट डू दॅट एव्हरी वीकेंड."

"किती महिने?"

"आय डोन्ट नो."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ती रागावली असती तर राग ओसरायची वाट बघता आली असती. पण ती रागावलेली नव्हती. तिने सगळा हिशेब करून ठरवलं होतं, आणि त्या हिशेबात आम्ही लागत नव्हतो. मला भीती वाटली, सरळ सांगायचं तर. पोरगी हातातून जाते आहे आणि मी पेट्रोल पंपावर कॉफीचा कप धरून बसले आहे, एवढंच मला कळत होतं. रडू मात्र येत नव्हतं.

सरहद्दीवर ट्रकवाल्यांच्या रस्त्याने गेलो. कॅनडाच्या ऑफिसात आम्हाला आत बोलावलं. भिंतीशी खुर्च्या, एक कॉफीचं मशीन, काचेमागे दोन खिडक्या. पहिल्या खिडकीतल्या माणसाने स्वानंदीचे कागद बघितले, सही घेतली आणि म्हणाला, "वेलकम टू कॅनडा." ती थँक यू म्हणाली. श्रीरामने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण ती वळलीही नाही.

दुसरी खिडकी सामानाची. तिथे चष्म्याला साखळी लावलेली एक बाई होती, माझ्याच वयाची. नव्याने राहायला येणाऱ्याला आपलं वापरातलं सामान जकात न भरता आणता येतं, पण काय आणलं ते सांगावं लागतं. स्वानंदीने यादी टाइप करून आणली होती. बाईने ती वाचली, बाहेर जाऊन व्हॅनमध्ये डोकावून आली आणि शिक्के मारायला लागली. मारता मारता तिने विचारलं, मागून काही येणार आहे का?

स्वानंदी म्हणाली, "नो."

बाई थांबली. रोज शंभर जणांना हेच सांगत असावी, त्या आवाजात तिने सांगितलं, की नीट विचार कर. नंतर येणारं सामान आजच लिहावं लागतं. लोक विसरतात. फर्निचर, दागिने, आईकडे ठेवलेलं काही. आज सही झाली की त्यात भर घालता येत नाही.

मी मागे उभी होते. माझ्या डोक्यात आख्खं घर फिरून गेलं. तिच्यासाठी काढून ठेवलेली चांदीची वाटी, तिचं कपाट, बाल्कनीतली वेताची खुर्ची. सगळं तिचंच होतं, कधी ना कधी तिच्याकडे जायचं होतं. एरवी मी मधे तोंड घातलंच असतं. श्रीरामने माझ्याकडे बघितलं. पण बोलायला मला तोंडच राहिलं नव्हतं. थोडे महिने, ती म्हणाली होती.

"नथिंग टू फॉलो?" बाईने पेन उचललं.

खिडकीच्या कडेला चिकटवलेला कागद स्वानंदीने नखाने जरासा सोलला. मग म्हणाली, "वन पॉट."

"पॉट? झाडाची कुंडी? माती असेल तर चालणार नाही."

"नाही. दूध तापवायचं. स्टीलचं."

बाईने लिहिलं. मग नियमाचा प्रश्न विचारला: ते तुझ्याच मालकीचं आहे का? याआधी तू वापरलेलं आहे का?

ते तसं माझंच होतं. रोज सकाळी त्यात चहा मी करत होते.

"माझं नाव आहे त्याच्यावर," स्वानंदी म्हणाली.

"नाव?"

"कोरलेलं. मी जन्मले तेव्हाचं." तिला ती अक्षरं धड वाचता येत नाहीत. पण लहानपणी ती त्यांवर बोट फिरवत बसायची, ते मला आठवलं.

बाईने चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. नाव असलेलं पातेलं तिने कधी ऐकलं नसणार. तिने रक्कम विचारली, स्वानंदीने खांदे उडवले, बाईनेच काहीतरी आकडा टाकला. "आणि हे कोण आणणार?"

"माय मॉम," स्वानंदी म्हणाली. माझ्याकडे न बघताच. "शी विल ब्रिंग इट."

"कधी?"

"लवकरच."

शिक्का बसला.

तिची जागा बर्नबीला, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सामान चढवलं, श्रीरामने पलंग जोडला, मी फडताळं पुसली. शेगडी बघितली, पण पेटवली नाही. पहिलं दूध माझ्या त्या पातेल्यातच, म्हणून चहासुद्धा केला नाही. खाली जाऊन विकतचा आणला. निघताना स्वानंदी लिफ्टपर्यंत आली. "येते," असं मी म्हणाले आणि ती म्हणाली, "हो, ये." आमच्यात निरोपाच्या वेळी एवढंच बोलतात. पण मी ते सगळ्या रस्त्यात परत परत ऐकत राहिले.

परतीच्या रांगेत तासभर गेला. अमेरिकेच्या खिडकीतला पोरगा स्वानंदीच्याच वयाचा असेल. त्याने आमची नवी कोरी कार्डं हातात घेतली आणि काय घेऊन चाललात, विचारलं. श्रीराम म्हणाला, काही नाही. त्याने मागचं दार उघडायला लावलं. आत एक दोरी आणि दोन ब्लँकेटं होती.

"दोघंच?"

"दोघंच," श्रीराम म्हणाला.

पोराने कार्डं परत दिली. "वेलकम होम."

श्रीराम "थँक यू" म्हणाला. त्याने सवयीने म्हटलं, त्याचा दोष नाही. पण मला त्या पोराचा इतका राग आला, की त्याची कॉलर धरावीशी वाटली. ज्या मुलीने इथल्या शाळेत छातीवर हात ठेवून रोज झेंड्याची शपथ म्हटली तिला हा शब्द कोणी म्हटला नाही, आणि मला म्हणतात. मी काचेतून समोर बघत बसले. बरंच पुढे आल्यावर श्रीराम हळूच म्हणाला, "सुलू, सरक ना तिकडे. खिडकी रिकामी आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी अजून मधेच बसले होते.

"राहू दे," मी म्हणाले.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. मालिनीचा उरलेला केक फ्रिजमध्ये तसाच होता. श्रीरामने बूट काढले, हात धुतले आणि न सांगता चहा ठेवायला गेला. ओट्यावर ते पातेलं सकाळी तिने ठेवलं तसंच होतं. त्याने ते नळाखाली धरलं.

"त्यात नको," मी म्हणाले.

"का?"

"ते सामानात आहे आता. मागून येणाऱ्या."

श्रीरामने नळ बंद केला. पाणी ओतून दिलं. आणि तेव्हा मला रडू आलं, केक आला त्या दिवशी यायला हवं होतं ते सगळं, ओट्याला धरून, आवाज करून. श्रीरामने पातेलं आतून-बाहेरून पुसलं, अक्षरांवरून फडकं जरा सांभाळून फिरवलं, सकाळच्या त्या टॉवेलात गुंडाळलं आणि दाराजवळ माझ्या चपलांशेजारी नेऊन ठेवलं.